आज कोणता सिनेमा लावू?

रात्रीची भांडी आवरून रिमोट हाती घेतलेली बाई एके दिवशी ‘अशी ही बनवाबनवी’ लावते, दुसऱ्या दिवशी ‘माहेरची साडी’. याला लहरीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. 1987 साली मीडोक्रॉफ्ट आणि झिलमन या अमेरिकी संशोधकांनी स्त्रियांना टीव्हीचे कार्यक्रम निवडायला दिले. पाळीच्या सुमारास त्यांचा ओढा विनोदाकडे जास्त दिसला. मन नकळत स्वतःवर उतारा शोधतं.

मग 1991मध्ये ‘माहेरची साडी’ बघून रडायला बायका थिएटरात का लोटल्या? ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबर यांच्या गटाने 2016मध्ये प्रेक्षकांना भिंतीला पाठ टेकवून, गुडघे वाकवून, खुर्चीविना बसवलं. करुण चित्रपट दाखवून पुन्हा तसंच बसवलं. ज्यांना गलबलून आलं, त्यांनी दुखणं जास्त वेळ सोसलं आणि सोबतच्या प्रेक्षकांविषयी त्यांची आपुलकीही वाढली. यामागे एंडॉर्फिन, म्हणजे शरीरातलंच वेदनाशामक, असावं, असा त्यांचा कयास. तेव्हा रडावंसं वाटलं तर खुशाल रडावं, शक्यतो मैत्रिणीसोबत.

झिलमन यांचं आणखी एक सांगणं फार कामाचं आहे: जी गोष्ट डोक्यात घोळतेय, तिच्याच विषयावरचा सिनेमा ती विसरू देत नाही. सासूबाईंशी वाजलं असेल, त्या रात्री सासू-सुनेची गोष्ट लावू नका.