वारा फिरतो तो आठवडा

मे महिन्याच्या अखेरीस नवी मुंबईत नुसता थर्मामीटर बघणाऱ्याला काहीही कळत नाही. पारा ३४ वर, फार तर ३५. त्याच दिवशी चंद्रपुरात ४४-४५ अंशांची बातमी असते. तरीही विदर्भातला पाहुणा पनवेलला गाडीतून उतरला की तासाभरात म्हणतो, ‘‘आमच्याकडचं ऊन बरं होतं हो.’’ माझ्याकडे येणारे सगळे पाहुणे हे म्हणतात. मी पंख्याचा वेग वाढवतो आणि त्यांना पाणी देतो. खरं तर दोन्हींचा फारसा उपयोग नसतो.

घाम येतो, पण वाळत नाही, हे इथल्या उकाड्याचं मर्म. शरीर थंड होतं ते घाम सुटल्याने नाही, तो उडून गेल्याने. हवा आधीच बाष्पाने भरलेली असली तर घाम उडून जाणार कुठे? म्हणून हवामानशास्त्रज्ञ साध्या तापमानापेक्षा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं, म्हणजे आर्द्र तापमान अधिक महत्त्वाचं मानतात. ते ३५ अंशांवर गेलं तर धडधाकट माणूस सावलीत बसूनही काही तासांहून जास्त जगू शकणार नाही, असं गणित २०१० साली मांडलं गेलं. नंतरच्या प्रयोगांत ही मर्यादा त्याहूनही बरीच खाली असल्याचं दिसलं. भारतीय हवामान विभागालाही किनाऱ्याची ही तऱ्हा ठाऊक आहे. मैदानी प्रदेशात उष्णतेची लाट जाहीर करायला पारा निदान ४० वर जावा लागतो. किनाऱ्यावर ३७ पुरतात, सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढ मात्र हवी. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात सोहळा झाला आणि उष्माघाताने १४ माणसं गेली, त्या दिवशी जवळच्या केंद्रावरची नोंद ३८ अंशांच्या आसपास होती. उत्तर भारतात एवढ्या आकड्याची कुणी बातमीही करत नाही.

मान्सूनबद्दल शाळेत शिकवतात ते एका दमात सांगून टाकतो, कारण त्यावाचून पुढचं जमणार नाही. मे महिन्यात राजस्थान, सिंध, पंजाब आणि गंगेचं मैदान होरपळतं, लू वाहते, हवा तापून वर जाते आणि तिथे कमी दाबाचा मोठा खळगा तयार होतो. विषुववृत्तापलीकडून निघालेले वारे आफ्रिकेच्या किनाऱ्याला घासून वळतात आणि अरबी समुद्रावरून बाष्प उचलत या खळग्याकडे धावतात. केरळात ते सरासरीने १ जूनला पोहोचतात, मुंबईत ११ जूनला. म्हणजे दिल्ली-लखनौकडची माणसं मेअखेरीस जे भाजून निघतात, त्यावर आपला पाऊस उभा असतो. एरवी मुंबईनंतर पंधरवड्याने दिल्लीचा नंबर. पण २५ जून २०२३ रोजी मान्सून दोन्ही शहरांत एकाच दिवशी पोहोचला. असं आधी घडलं होतं ते २१ जून १९६१ ला.

झालं पाठ्यपुस्तक. आता माझ्या आवडीचा भाग.

नवी मुंबई दोन गोष्टींच्या मधल्या पट्टीवर वसली आहे. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकची डोंगररांग. त्यामागे खारघरचे डोंगर, आणि आणखी मागे माथेरानचा सपाट माथा. एप्रिल-मेमध्ये दुपारी खारे वारे सुटतात, पण ते मुंबई बेट ओलांडून, खाडीवरून येईपर्यंत आपल्याकडे उशीर झालेला असतो. तोवर दुपार घट्ट बसलेली असते, पान हलत नाही. याच वेळी पूर्वेला माथेरानच्या डोक्यावर पांढरे ढग चढू लागतात. चारच्या सुमाराला त्यांचे मनोरे होतात, पाचला त्यांचे तळ काळे पडतात. वरच्या थरातला वारा या दिवसांत पूर्वेकडचा, त्यामुळे हे ढग डोंगर सोडून समुद्राकडे निघतात. वळीव आपल्याकडे नेहमी डोंगराच्या बाजूने येतो, हे मी बेलापूरला राहायला आलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी सांगितलं होतं. ‘‘खाडीकडं काय बघता? पाठीमागं बघा.’’

वळिवाच्या आधी येणारा गार झोत साऱ्यांना प्रिय असतो. तो येतो कुठून, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ढगातून पडणारं पाणी वाटेत कोरड्या हवेत उडून जातं, हवा एकदम गार आणि जड होते आणि धाडकन खाली कोसळते. जमिनीवर आपटली की ती चहूबाजूंना पसरते. हा झोत पावसाच्या पुढे काही किलोमीटर धावतो. १३ मे २०२४ च्या दुपारी त्याने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईवर धुळीची भिंतच उभी केली. राजस्थानात शोभावं असं पिवळं आभाळ इथल्या माणसांनी पाहिलं. त्याच वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर प्रचंड फलक कोसळला आणि १७ जण दगावले. वळिवाला आपण कवितेतला पाहुणा करून ठेवलं आहे. त्याच्या वाऱ्याची भीती बाळगायला कुणी शिकवत नाही.

मग एक दिवस वारा फिरतो. हे पाहण्यासाठीच मी दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी पाम बीच मार्गाच्या कडेला किंवा पारसिक टेकडीवर जातो. घरच्यांनी आता विचारणं सोडून दिलं आहे. खालचे करडे, फाटके ढग नैर्ऋत्येकडून झपाट्याने सरकू लागतात; आणि त्यांच्या फटींतून फार वरचे तंतूसारखे ढग उलट्या दिशेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे चाललेले दिसतात. एकाच आभाळात दोन दिशा. वरचा प्रवाह सुमारे १४-१५ किलोमीटर उंचीवरचा. पावसाळ्यात भारतावरून वाहणारा हा पूर्वेकडचा वेगवान वारा १९५० च्या दशकात पी. कोटेश्वरम यांनी जगापुढे मांडला. त्यासाठी फुगे सोडावे लागले, नोंदी जुळवाव्या लागल्या. आपल्याला आज त्याची चाहूल टेकडीवर उभं राहून, फुकटात लागते. मोबाइलमधल्या ढगाच्या चित्रापेक्षा मला हे दृश्य जास्त विश्वासाचं वाटतं.

थोडं विषयांतर करतो. या शहराला हवामानाची जुनी नोंद नाही, कारण शहराचं वयच तेवढं नाही. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. जुन्या नोंदी हव्या असतील तर कुलाब्याकडे जावं लागतं. तिथली वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली. पुढे तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्या विजेने उपकरणं बिघडतील म्हणून चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला हलवण्यात आली. हे काम केलं नानाभाई मूस यांनी, कुलाबा वेधशाळेच्या पहिल्या भारतीय संचालकांनी. १९०४ पासून अलिबागला नोंदी सुरू आहेत. अलिबागला जाणारे लोक किल्ला पाहतात, किनाऱ्यावर भेळ खातात आणि ही वेधशाळा न पाहता परततात, याचं मला कायम वाईट वाटतं.

पण कुलाब्याच्या आकड्यावरून नेरूळचा पाऊस सांगणं धोक्याचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरातली ही दोन टोकं. खाडीपलीकडच्या आपल्या पट्टीचं तर बोलायलाच नको. इथे ढग डोंगराला अडून बरसतात, आणि पांडवकड्याचा धबधबा सुरू झाला तरी वाशीत छत्री उघडायची गरज पडलेली नसते.

आता भरती. हा माझा सगळ्यात लाडका विषय असल्यामुळे वाचकाने जरा सोसून घ्यावं. नवी मुंबईचा खाडीकडचा मोठा भाग पूर्वी खाजण, भातखाचरं आणि मिठागरं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात या शहराची कल्पना मांडली. ती उभी करताना सिडकोपुढचा पेच असा होता की बऱ्याच जमिनी उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली होत्या. सगळीकडे भराव घालणं परवडणारं नव्हतं. म्हणून धारण तलाव खोदले गेले. वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, सगळीकडे ते आहेत. लोक त्यांच्याभोवती सकाळी फिरतात आणि त्यांना शोभेची तळी समजतात. त्यांचं काम वेगळं आहे. भरतीच्या वेळी खाडीकडची झडप पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते. शहरात पडणारा पाऊस तोवर तलावात साठतो, आणि ओहोटी लागली की झडप उघडून तो खाडीत जातो. दाराला एकाच बाजूने उघडणारी बिजागरी असावी तशी सगळी रचना. आता यांतल्या अनेक तलावांत गाळ भरला आहे, गाळावर कांदळवन उगवलं आहे, आणि कांदळवनाला न्यायालयाचं संरक्षण आहे. गाळ काढावा तर झाडं जातात, झाडं ठेवावी तर पाण्याला जागा उरत नाही. मी झाडांच्या बाजूचा आहे, पण तळमजल्यावर राहत नाही, हेही सांगायला हवं.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. थोडाफार फरक पडतो, पण हिशेब चालतो. त्यातून निघणारी गोष्ट मोठी आहे. मुंबईच्या परिसरात सगळ्यात उंच भरती, म्हणजे उधाण, जवळजवळ नेहमीच दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास येतं. अमावास्येच्या सकाळी मुसळधार पाऊस सुरू झाला तर तो थेट बंद झडपेवर येऊन आपटणार, हे पंचांग हातात असलेल्या कुणालाही आदल्या आठवड्यात सांगता येतं.

२०२५ चा मे तसाच गेला. कोकण किनाऱ्यालगत कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, त्याची तीव्रता वाढली आणि २४ मेला ते रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान जमिनीवर आलं. त्याच दिवशी मान्सून केरळात पोहोचला आणि दोनच दिवसांत, २६ मेला, मुंबईत. याआधी इतक्या लवकर येण्याचा मान २९ मेचा होता. १९५६, १९६२ आणि १९७१ साली. कुलाब्यात मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ चा २७९.४ मिलिमीटरचा विक्रम मोडला. आणि २६ मेची तिथी? चतुर्दशी संपून अमावास्या लागत होती, भरती साडेअकराच्या सुमाराला. वरळीचं नुकतंच सुरू झालेलं आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानक त्या सकाळी पाण्यात गेलं. वारा त्या वर्षी हळूहळू फिरलाच नाही. टेकडीवर जाऊन दोन दिशांचे ढग पाहण्याची संधी मला मिळाली नाही, सगळं आभाळ एकाच रंगाचं होतं.

या घाईचा फटका बसला तो आगोटीच्या बेगमीला. इथल्या आगरी-कोळी घरांत मे म्हणजे जवळा, बोंबील, सोडे, मसाला वाळवून डब्यात भरण्याचा महिना. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा पावसाळ्यातली जेवणं या डब्यांवर चालतात. दिवाळे, सारसोळे, करावे, कुठेही जा, रस्त्याच्या कडेला, गच्चीवर, मिळेल त्या फडक्यावर जवळा पसरलेला असतो आणि नव्या इमारतींतले रहिवासी वासाची तक्रार करतात. (वास त्यांच्या आधीपासून इथे आहे.) तिकडे वाशीच्या फळबाजारात पावसाच्या दोन सरी पडल्या की हापूसचा भाव घसरतो. चोखंदळ गिऱ्हाईक तोंड फिरवतं आणि माझ्यासारखे लोक पेटी उचलतात.

मान्सून आला आणि मेच्या शेवटी थबकला. देशभरातली त्याची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत अडून राहिली, राज्याच्या कृषी खात्याने शेतकऱ्यांना पेरणीची घाई करू नका असं सांगितलं, आणि नवी मुंबईत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तोच उकाडा पुन्हा अवतरला. उन्हाळ्याचा शेवटचा आठवडा एका वर्षात दोनदा. दिवाळ्याच्या बाजारात मी नेहमीच्या मावशींकडे जवळा घ्यायला गेलो, तर भाव ऐकून थबकलो. मावशींनी मापटं भरता भरता हिशेब मांडला, ‘‘यंदा दोन येला सुकवलाय. पैसं बी दोन येलचं लागतील, भाऊ.’’