गरगरणं आणि गोळी

आमच्या मावळात 'गाडी लागणं' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बोरघाटाची वळणं सुरू झाली की एसटीच्या खिडक्या भराभर उघडतात. निघण्याआधी घेतलेली ॲव्होमिनची गोळी बऱ्याच जणांना लोणावळ्यापर्यंत सुखरूप आणते. घाट संपला की गरगरणंही संपतं. त्यामुळे चक्कर आली की चक्करची गोळी घ्यायची, असं आपल्या मनात पक्कं बसतं. माझ्याही बसलं होतं.

काही वर्षांपूर्वी थंडीत पहाटे अम्मी कुशीवर वळली आणि छत फिरतंय म्हणून ओरडली. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं. पुढे नमाजात सजद्याला डोकं टेकवलं की पुन्हा तेच. ती खुर्चीवर बसून नमाज पढू लागली. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. पाच दिवस संपले, पण चिठ्ठी माझ्या खिशातच राहिली. तीच दाखवून मी अकरा महिने गोळ्या आणत गेलो. या काळात अम्मीचे हात थरथरू लागले, पाय घसटत पडू लागले. बशीत कप वाजायचा. आम्ही म्हणत होतो, वय झालं.

शेवटी पुण्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी गोळ्यांची पिशवी पालथी केली. त्यात प्रोक्लोरपेराझिन होतं. मेंदूतलं ओकारी आणि गरगरण्याचं केंद्र शांत करणारं हे औषध जोराच्या झटक्यात दोन-तीन दिवस मोठा आधार देतं. पण महिनोन् महिने, विशेषतः म्हाताऱ्या माणसाला दिलं, तर कंपवातासारखी लक्षणं उमटू शकतात. सिनारिझिनचंही तसंच. शिवाय कानाकडून चुकीची खबर येत असली तरी मेंदू हळूहळू तोल सावरायला शिकतो. सतत गुंगीत ठेवलं तर ते शिकणंच मागे पडतं.

मग अम्मीला झालं होतं काय? आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या. गवंड्याची पाणसळच म्हणा. त्यांच्या शेजारी चुनखडीचे बारीक कण एका पडद्याला चिकटलेले असतात. वयाने किंवा डोक्याला मार लागून ते सुटतात आणि नळीत शिरतात. डोकं हललं की कण घरंगळतात, आणि घर फिरतं. आता नळीत अडकलेला खडा गोळीने कसा निघणार?

तो काढायची युक्ती अमेरिकेतल्या जॉन एप्ली या डॉक्टरांनी 1980 च्या सुमारास शोधली. त्यांच्याच पेशातल्यांनी आधी थट्टा केली. सविस्तर लेख छापून आला तो 1992 साली. रुग्णाला झोपवून डोकं खाली लटकतं ठेवायचं, मग ठराविक क्रमाने वळवत कण मूळ जागी आणायचे. अम्मीवर हे करायला दहा मिनिटंही लागली नाहीत. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद झाल्या. हातांची थरथर जायला मात्र चार महिने लागले.

सगळ्याच चकरा अशा नसतात. तासन् तास गरगरतं, कानात गुणगुण होते, ऐकू कमी येतं, तो मेनिएरचा आजार. त्यात बीटाहिस्टिन देतात. ही गोळी आपल्याकडे फार खपते. पण 2016 साली जर्मनीतल्या 221 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांत खऱ्या गोळीने जेवढे झटके कमी झाले, तेवढेच खोट्या गोळीनेही! म्हणून ती निरुपयोगीच असं सगळे डॉक्टर मानत नाहीत. पण दमा किंवा पोटात अल्सर असेल तर आधी सांगायलाच हवं. आणि चकरेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, एक हात लुळा पडला किंवा उभंच राहता येईना, तर कानाचा विचार सोडून तडक मोठं रुग्णालय गाठावं. तो मेंदूचा झटका असू शकतो.

हे कण पुन्हा सुटू शकतात. गेल्या पावसाळ्यात अम्मीचे सुटले. यावेळी तिने गोळी मागितली नाही. पलंगाची कड धरून म्हणाली, "उजव्या कुशीवर वळले की फिरतं, डाव्या नाही. डॉक्टरांना एवढं सांग."