निरोप पोहोचला, अर्थ पोहोचला काय?

माणसाचा सारा व्यवहार संदेशवहनावर चालतो. बोलणे हा त्याचा केवळ एक प्रकार होय. हळदकुंकू लावलेली पत्रिका मंगलवार्ता आणते. कोपरा फाडलेले पोस्टकार्ड मजकूर वाचण्यापूर्वीच दुःखाची बातमी सांगत असे. शाळेची घंटा, गावकामगाराची दवंडी, चावडीवरील नोटीस, सात-बाराचा उतारा, वडीलधाऱ्यांची नुसती नजर ही सर्व संदेशाचीच रूपे आहेत. साधन कोणतेही असो, कसोटी मात्र एकच असते: ऐकणाऱ्यास अर्थ कळला काय, आणि कळल्यावर त्यास योग्य ती कृती करता आली काय?

ही कसोटी समजून घेण्यासाठी सुरत जिल्ह्यातील कामरेजकडे पाहणे उद्बोधक ठरेल. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तापी नदी ओलांडतो, त्या परिसरातील हा तालुका.

राजाज्ञेची भाषा

१९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तोपर्यंत कामरेज हा त्या संस्थानाच्या नवसारी प्रांताचा भाग होता. राज्यकर्ते मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती आणि दप्तरात फारसी व इंग्रजी शब्दांचा भरणा, अशी तेथील परिस्थिती होती. हुकूम काढला म्हणजे तो प्रजेस समजला, असे होत नाही, ही जाण महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारभारात दिसून येते. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांस पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ झाला. ज्या गावी ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. पुढे १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतील राज्यव्यवहाराच्या शब्दांचा कोश प्रसिद्ध झाला. वाचणारा नागरिक, वाचावयास पुस्तक आणि कळेल असा शब्द, या तिन्ही बाजूंनी झालेला हा प्रयत्न होता.

ऐका, चर्चा करा, कृती करा

लिहिता-वाचता न येणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे मोठे साधन म्हणजे रेडिओ. तथापि रेडिओ बोलतो, ऐकत नाही. ही उणीव भरून काढण्याचा प्रयोग १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणी केंद्राने केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोन याप्रमाणे २० कार्यक्रम प्रक्षेपित करण्यात आले. कार्यक्रम संपला की मंडळातील सभासद त्यावर चर्चा करीत. चिटणीस शंका लिहून केंद्राकडे धाडी आणि पुढील कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. जेथे नुसता रेडिओ होता, त्या गावांपेक्षा श्रोतृमंडळे असलेल्या गावांच्या ज्ञानात कितीतरी अधिक भर पडल्याचे तीत आढळले. प्रश्न विचारण्याची सोय हाच त्यातील मुख्य फरक होता. १९५९ पासून ही योजना देशभर राबविण्यात आली.

नदीकाठचा निरोप

संदेशाचे मोल सर्वाधिक जाणवते ते संकटकाळी. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, खानदेशातून वाहत उकाईच्या जलाशयात येते आणि कामरेज परिसरातून सुरतकडे जाते. म्हणजे पाऊस एका राज्यात पडतो व पूर दुसऱ्या राज्यात येतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून प्रचंड प्रमाणात पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला.

अशा वेळी धरणावरून विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये कळविला जातो. १ लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदास १ लाख घनफूट पाणी. अभियंत्यास हा आकडा पुरेसा असतो. नदीकाठच्या कुटुंबास मात्र त्यावरून घर सोडावे की नाही, हे उमगत नाही. ‘रात्री दहापर्यंत पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीस लागेल, अंधार पडण्यापूर्वी गुरे सोडून शाळेत या’ असे सांगितले, तर तोच आकडा जीव वाचवू शकतो. सुरत परिसरात खानदेशातून कामासाठी गेलेली असंख्य कुटुंबे राहतात. त्यांना गुजरातीबरोबरच मराठीत वा अहिराणीत सूचना मिळाली, तर शंकेस जागा उरत नाही.

आपले कर्तव्य

आज बहुतेकांच्या हाती भ्रमणध्वनी आहे आणि निरोप क्षणात पोहोचतो. परंतु वेग म्हणजे आकलन नव्हे. म्हणून सूचना काढणाऱ्या अधिकाऱ्याने ती कोणासाठी आहे, काय करावयाचे, केव्हा व कोठे, या गोष्टी प्रथम स्पष्ट कराव्यात. शिक्षकांनी मुलांकडून शासकीय सूचना घरच्या भाषेत सांगून घ्याव्यात. हा उत्तम भाषापाठ होईल. ग्रामस्थांनीही न समजलेली गोष्ट ग्रामसभेत निःसंकोचपणे विचारावी. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. निरोप पुरा होण्याची ती खूण होय. दवंडी देणारा वेशीपर्यंत जाऊन आला म्हणजे त्याचे काम संपले असेल. गावाचे काम तेथून सुरू होते.