पी-कोट, डोंगरी आणि हिमरू : नावाच्या आत काय असतं?

मागच्या वेळी आपण शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाचा विचार सुरू केला. आज त्यासाठी एक कपडा घेऊ. पी-कोट म्हणजे खलाशांचा जाड लोकरीचा, गडद निळा, आखूड कोट; रुंद कॉलर, समोर बटणांच्या दोन रांगा. आपल्या संभाजीनगरच्या थंडीत त्याची गरज नाही, पण त्याचं नाव बघा.

इंग्रजीत 'पी' म्हणजे वाटाणा. मग हा वाटाण्याचा कोट का? काही जण म्हणतात, 'पायलट क्लॉथ' या कापडाच्या नावातला हा पहिला 'पी'. अभ्यासकांना जास्त पटते ती डच व्युत्पत्ती. डचमध्ये 'पेइ' म्हणजे जाडंभरडं लोकरी कापड, 'येकर' म्हणजे आखूड कोट. इंग्रजांनी अठराव्या शतकात त्याचं 'पी-जॅकेट' केलं. अनोळखी ध्वनीत त्यांच्या कानांना ओळखीचा शब्द ऐकू आला.

आपले नैयायिक इथे उपयोगी पडतात. अवयवांवरून अर्थ कळतो तो शब्द यौगिक, जसा 'पाचक'. अवयव न पाहता कळतो तो रूढ. आणि 'पंकज' योगरूढ : चिखलात पुष्कळ काही उगवतं, पण आपण कमळच समजतो. डच माणसाला यौगिक असलेला शब्द इंग्रजीत येऊन निव्वळ रूढ झाला. कोट राहिला, नावातलं कापड हरवलं.

हे आपल्याकडेही घडलंय. मुंबईच्या डोंगरीजवळ विकलं जाणारं जाड सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रजांच्या कागदपत्रांत दिसतं. त्याची शिडं झाली, खलाशांचे कपडे झाले. त्यातून 'डंगरी' आली. आज आपण मुलांसाठी डंगरी घेतो तेव्हा तिच्यातली डोंगरी कुणाला आठवते?

आणि आपला हिमरू? फारसी 'हम-रू' म्हणजे 'सारखा दिसणारा', अशी व्युत्पत्ती सांगतात. जरीच्या किनखाबासारखा दिसणारा, पण सूत आणि रेशमाचा. हे नाव अजून यौगिक आहे. पण ते विणणारे हात शहरात फार थोडे उरलेत. यंत्रावरच्या नकलेलाही दुकानात हिमरूच म्हणतात. म्हणजे नकलेची नक्कल! अशा वेळी शब्द चालू राहतो, म्हणून वस्तूही टिकली असं आपण समजतो. हा अनुमानाचा दोष आहे, आणि त्याची किंमत विणकर मोजतो.

तेव्हा हिमरू घेताना एवढं विचारा : हा हातमागावरचा का? पुढच्या वेळी लक्षणेकडे वळू.