गंज काढावा, की राहू द्यावा?

कोल्टचं १८५१ सालच्या बनावटीचं ‘नेव्ही’ पिस्तूल हाती आलं, तर आधी त्याचं गोळ्यांचं फिरतं चक्र उजेडात धरा. त्यावर मे १८४३ मधल्या काम्पेचेच्या समुद्रलढाईचं चित्र उमटवलेलं असतं. शिडाची जहाजं, तोफांचा धूर, सगळं केसाएवढ्या रेषांत. कुणी पॉलिश पेपर फिरवला, की ते कायमचं गेलं! जाणकार किंमत करतात ती हे चित्र किती शिल्लक आहे, मूळची निळसर झाक कितपत टिकली आहे आणि सुट्या भागांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळतात का, हे पाहून. नव्यानं दिलेली चकाकी बहुधा किंमत उतरवतेच.

मग गंजाचं काय? तांबडा, भुसभुशीत गंज ओलावा धरतो आणि लोखंड पोखरत राहतो. तो हलकं तेल लावून, मऊ फडक्यानं, सबुरीनं थांबवायलाच हवा. घट्ट बसलेल्या काळपट-तपकिरी थराला मात्र कृपा करून हात लावू नका. तेच त्या लोखंडाचं वय आहे.

आणि या सगळ्याआधी, चक्र रिकामं आहे का, हे तज्ज्ञाकडून तपासून घ्या. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते.