पातेऱ्याखालची वस्ती

कोकणातल्या बहुतेक देवरायांचा एक जुना नियम आहे. उभं झाड तोडायचं नाहीच, पण वाऱ्यानं मोडून पडलेली फांदीही घरी न्यायची नाही. ओंडका पडला तर पडल्या जागी कुजतो. देवळाचा वासा बदलायचा असला तर आधी देवाला कौल लावायचा; तो मिळाला तरच लाकडाला हात. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात देवरायांचा अभ्यास मांडला. तेव्हापासून त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं, पण ते बहुतेक मान वर करून. किती उंच वृक्ष, किती जाड वेली, धनेशाची ढोली कुठल्या झाडावर. मला मात्र ठामपणे वाटतं की या नियमानं सर्वांत जास्त काही राखलं असेल तर ते पायाखालचं.

देवराईबाहेरची जमीन बघा. भाताची दाढ भाजायची म्हणून कवळ, पातेरा, शेण पिढ्यान्‌पिढ्या उचललं गेलं. आंब्याच्या बागेत झाडाखाली काडी राहू देत नाहीत. सड्यावर उन्हाळ्यात वणवा फिरतो. देवराईत मात्र किंजळ, ऐन, सातवीण यांची पानं एकावर एक साचत जातात. वरचा थर कुरकुरीत, मधला दमट, खालचा पान म्हणून ओळखू न येण्याइतका मऊ, बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी बांधलेला. या वीतभर जाडीत जे राहतं, त्यात भुंगेऱ्यांचा वाटा फार मोठा आहे.

ज्या किड्याचे पुढचे पंख कडक होऊन पाठीवर झाकणासारखे बसतात, तो भुंगेरा. आजवर नाव मिळालेल्या त्यांच्या जाती सुमारे 4 लाख, म्हणजे पृथ्वीवरच्या सगळ्या ज्ञात प्राणिजातींच्या जवळजवळ पाव हिस्सा. ते आपल्या ओळखीचे आहेत, फक्त आपण त्यांना एका कुळात धरत नाही. वळवाच्या पावसानंतर बाभळीवर, कडुनिंबावर जमणारे हुमणीचे भुंगेरे त्यातलेच. काजवाही त्यातलाच. आणि काजव्याचं खरं आयुष्य झाडावर जातच नाही. चमकणारा काजवा काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे जगतो. त्याआधी कित्येक महिने त्याची अळी ओल्या पातेऱ्यात फिरत गोगलगायी खात असते. काजवे बघायला जाणाऱ्या गर्दीच्या पायाखाली पुढच्या वर्षीचे काजवे असू शकतात, हे तिथं जाणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी सांगायला हवं.

जमिनीवरच्या शिकाऱ्यांत वाघ भुंगेरे पहिले. पायवाटेवर, नदीच्या वाळूत, समुद्राच्या पुळणीवर ते दिसतात. जवळ गेलं की उडतात आणि चार पावलं पुढं बसतात. भक्ष्यामागे धावताना ते मध्येच थबकतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कोल गिल्बर्ट यांनी 1998 साली दाखवलं, की हा कीटक इतक्या वेगानं धावतो की डोळ्यांना पुरेसा प्रकाश गोळा करता येत नाही. भक्ष्य दिसेनासं होतं, म्हणून तो थांबतो, पुन्हा नेम धरतो आणि पुन्हा धावतो. त्याची अळी याच्या अगदी उलट स्वभावाची. ती जमिनीत सरळ उभं बीळ करून बसते आणि सपाट डोक्यानं बिळाचं तोंड बंद करते. पाठीवरच्या कुबडाला आकडे असतात, ते भिंतीत रुतवले की मोठ्या मुंगीच्या हिसक्यानंही ती बाहेर ओढली जात नाही. जमीन नांगरली, रस्त्यासाठी दाबली किंवा पुळणीवर गाड्या फिरल्या, तर ही बिळं पहिल्यांदा जातात.

तोफखाना भुंगेऱ्याची गोष्ट तर अद्भुतच आहे. पोटाच्या टोकाशी दोन कप्पे. एकात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठवलेलं, दुसऱ्यात विकरं. दोन्ही एकत्र आली की जवळजवळ 100 अंश सेल्सियस तापलेला दाहक फवारा नेमक्या दिशेनं सुटतो. 2018 साली जपानमधल्या संशोधकांनी असे भुंगेरे भेकांना खायला दिले. भेकांनी ते गिळले, पोटातून स्फोटाचे आवाज आले आणि 43 टक्के भेकांनी 12 ते 107 मिनिटांत ते ओकून टाकले. बाहेर पडलेले सगळे भुंगेरे जिवंत होते.

एवढी शस्त्रं लागतात, कारण उष्ण प्रदेशात जमीन मुंग्यांची असते. युरोपातल्या जंगलात दगड उलटला की जमिनीवरचे शिकारी भुंगेरे सहज हाती लागतात. आपल्याकडे तिथं मुंग्या आधी दिसतात. उष्ण कटिबंधातल्या कित्येक शिकारी भुंगेऱ्यांनी म्हणूनच झाडांवर बस्तान हलवलं. काहींनी दुसरा मार्ग काढला. पॉसस नावाचे भुंगेरे थेट मुंग्यांच्या वारुळात राहतात. त्यांच्या फुगीर मिशा आणि अंगावरचा स्राव मुंग्या चाटत बसतात, आणि हे पाहुणे मुंग्यांची पिल्लं खातात. भारतात त्यांच्या अनेक जाती आहेत.

आता पंखांबद्दल. जमिनीवरच्या पुष्कळ भुंगेऱ्यांना उडताच येत नाही. महाराष्ट्राच्या माळांवर फिरणारा, काळ्या अंगावर सहा पांढरे ठिपके असलेला मोठा भुंगेरा असाच. त्याच्या पाठीवरची झाकणं एकमेकांना जुळलेली असतात. डार्विननं 1859च्या ग्रंथात मदेरा बेटाचं उदाहरण दिलं. तिथल्या 550 जातींपैकी 200 जातींना उडण्याइतके पंख नाहीत, असं वोलस्टन या कीटकतज्ज्ञाला आढळलं होतं. उडणारे वाऱ्यानं समुद्रात भिरकावले जातात, न उडणारे टिकतात, असं डार्विनचं म्हणणं. पुढच्या अभ्यासकांनी दुसरं कारण पुढं केलं: जागा दीर्घ काळ स्थिर असेल, अन्न तिथंच मिळत असेल, तर पंख आणि त्यांचे स्नायू पोसणं परवडत नाही. ती शक्ती अंड्यांकडे वळते. जुन्या जंगलाच्या जमिनीला हे चपखल लागू पडतं.

त्यामुळे असा भुंगेरा जिथं सापडतो, तिथं जंगल फार काळ तुटलेलं नसावं असा अंदाज करता येतो. पाखरू उडून येईल, बी वाहून येईल, उडणारा कीटक एका रात्रीत दुसऱ्या देवराईत पोचेल. याला मात्र चालतच यावं लागतं, आणि मधली वाट काजूच्या मोकळ्या, तापलेल्या जमिनीतून किंवा डांबरी रस्त्यावरून जाते. नेदरलँड्समध्ये वायस्टर गावाजवळच्या माळावर 1959 पासून जमिनीत सापळे पुरून भुंगेरे मोजत आले आहेत. तुकडे पडलेल्या माळावर कमी हिंडणाऱ्या जाती आधी मागे पडतात, हे तिथंच नीट लक्षात आलं. देवरायांतली एक तोडली तर उरलेल्या आहेत, असा हिशेब या जातींना लागू होत नाही. एका देवराईतली वस्ती संपली, तर ती पुन्हा भरायला कुणी येणार नाही.

शेणकिड्यांचं तसं नाही. ते चांगले उडतात आणि वासावर लांबून येतात. गव्याचं शेण, सांबराच्या लेंड्या, माकडांची विष्ठा, गावातल्या गुरांचं शेण, सगळं त्यांचं. काही गोळे करून ढकलत नेतात, काही पोवाखालीच बोगदे खणून शेण आत ओढतात, काही त्या पोवातच संसार मांडतात. सह्याद्रीच्या ओल्या जंगलांत बोगदे खणणारे जास्त. त्यांच्यामुळे खत जमिनीत जातं, माती भुसभुशीत होते, शेणात आलेलं बी पुरलं जातं आणि माश्यांना अंडी घालायला जागा उरत नाही. ऑस्ट्रेलियात युरोपीय वसाहतीबरोबर गुरं आली, पण तिथले शेणकिडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते. गुरांचं शेण तसंच वाळत पडे आणि माश्या माजत. जॉर्ज बोर्नेमिस्झा या शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं 1965 पासून वीस वर्षं तिथं परदेशी शेणकिडे नेऊन सोडले गेले आणि वीसहून अधिक जाती रुजल्या.

आपल्याकडे जे आहे ते टिकलं तरी खूप. कोकणात पॉवर टिलर आले, गुरं घटली. जी आहेत त्यांना जंतांसाठी आयव्हरमेक्टिनसारखी औषधं दिली जातात. ते औषध शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. औषध द्यावंच लागतं, त्याला माझा विरोध नाही. पण सगळी गुरं एकाच आठवड्यात टोचायची का, शेणकिडे सर्वांत जास्त असतात त्या पहिल्या पावसातच टोचायची का, हे पशुवैद्यकाशी बोलून ठरवता येतं.

पातेरा साचू द्या म्हटलं की बागायतदाराला गेंड्या भुंग्याची धास्ती वाटते, आणि ती खरी आहे. हा भुंगा माडाचा कोवळा कोंब पोखरतो. पण त्याची अळी वाढते ती शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजलेल्या माडाच्या खोडात. देवराईतल्या कुजत्या ओंडक्यात दुसरेच भुंगेरे असतात. त्यातल्या काहींचे नर-मादी पिल्लांसह एकत्र राहतात, त्यांना चावलेलं लाकूड भरवतात आणि अंग घासून आवाज काढत एकमेकांना साद देतात.

उपद्रव कसा जन्मतो, ते केरळात दिसतं. तिथल्या रबराच्या मळ्यांत मुप्ली नावाचा काळा भुंगेरा गळलेली कोवळी रबराची पानं खाऊन वाढतो. उन्हाळी पाऊस पडला की लाखांच्या संख्येनं तो घरांत शिरतो आणि महिनोन्‌महिने छपराखाली निपचित बसतो. चिरडला तर कातडी भाजते. कोळिकोडच्या देवगिरी महाविद्यालयातल्या साबू थॉमस यांनी त्याचा बारकाईनं अभ्यास केला आहे. मैलोन्‌मैल जमिनीवर एकाच झाडाची पानं पडली, की ती खाणारी एकच जात बेसुमार वाढते. भुंगेरे तिथं अमाप आहेत, विविधता नाही. दोडामार्गाच्या डोंगरांत जंगल जाऊन रबर लागलं आहे, म्हणून ही गोष्ट आपणही लक्षात ठेवायला हवी.

कोकणच्या जमिनीवर एकूण किती जाती आहेत, याची पूर्ण यादी नाही. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत अँड्र्यूज यांनी शिकारी भुंगेऱ्यांवर 1929 आणि 1935 साली दोन खंड लिहिले. दुसऱ्या खंडावर ‘भाग पहिला’ असं छापलं आहे. पुढचा भाग कधी निघालाच नाही. भुंगेरे ओळखू शकणारी माणसं देशात मोजकीच आहेत.

पण मोजायला सुरुवात करण्यासाठी फार काही लागत नाही. प्लास्टिकचा पेला जमिनीत असा पुरायचा, की काठ मातीच्या पातळीला येईल. वरून पत्र्याचं लहान छप्पर, नाहीतर कोकणच्या पावसात तो तासाभरात भरेल. जे चालत येतं ते आत पडतं. यातून जास्त हिंडणारेच जास्त सापडतात, म्हणून जोडीला पातेरा चाळूनही बघावा लागतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागानं एक देवराई, शेजारची काजूची बाग आणि मधला सडा अशा तीन जागा धरून मे अखेरीस, जुलैत आणि ऑक्टोबरात त्याच खड्ड्यांत पेले पुरले आणि दहा वर्षं नोंद ठेवली, तर आज नसलेली माहिती हाती येईल. गावच्या मानकऱ्यांना विचारूनच हे करावं, देवराई त्यांची आहे. आणि लवकर करावं. ठिकठिकाणी देवळाभोवती सुशोभीकरणाच्या नावानं पेव्हर ब्लॉक बसत आहेत, जत्रेआधी पातेरा गोळा करून जाळला जातो. तसा ठराव पुढं येईल तेव्हा त्या जमिनीत काय राहतं याची यादी ग्रामसभेसमोर असली, तर निदान चर्चा तरी त्या यादीवर होईल.