पाहुण्या वस्तू आणि घरच्या खुणा

ठाणे शहरातील नौपाडा हा शाळा, वाचनालये आणि बाजारपेठ यांनी गजबजलेला भाग आहे. ठाणे स्थानक येथून जवळच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर कापून ठाण्यास पोहोचली. त्याच मार्गाने उलट दिशेला गेल्यास नौपाड्यातील शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्यांसह दीड-दोन तासांत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पोहोचता येते. १० जानेवारी १९२२ रोजी जनतेसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयाची कायमची दालने सर्वश्रुत आहेत. अलीकडच्या काळात मात्र तेथील विशेष प्रदर्शनांनी प्रेक्षकांचे लक्ष वेधून घेतले आहे. या प्रदर्शनांचा आपल्या गावाशी आणि शहराशी असलेला संबंध समजून घेणे उद्‌बोधक ठरेल.

विशेष प्रदर्शन म्हणजे काय?

संग्रहालयातील कायमचे दालन हे घरच्या वस्तूंचे असते, तर विशेष प्रदर्शनात पाहुण्या वस्तू येतात. त्या ठराविक मुदतीसाठी उसनवार मिळतात आणि मुदत संपताच परत जातात. वस्तू निघण्यापूर्वी तिच्यावरील प्रत्येक तडा, डाग व झीज यांची छायाचित्रांसह नोंद होते. ती पोहोचल्यावर आणि परतताना ही नोंद पुन्हा पडताळली जाते. विमा, सुरक्षितता, हवेतील आर्द्रता आणि प्रकाश यांच्या अटी आधीच ठरतात. कागद व वस्त्रे यांच्यावर सुमारे ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू न देण्याचा संकेत आहे. अशा दालनातील मंद उजेड पाहून काही प्रेक्षक नाराज होतात. पण रंग एकदा उडाला की तो पुन्हा आणता येत नाही.

२०१७-१८ चे स्मरणीय वर्ष

या संग्रहालयात २०१२-१३ मध्ये इजिप्तमधील ममीचे, तर २०१३-१४ मध्ये इराणच्या सायरस राजाच्या मृत्तिकालेखाचे प्रदर्शन भरले होते. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे ११ नोव्हेंबर २०१७ ते १८ फेब्रुवारी २०१८ या काळातील ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन होय. स्वातंत्र्याच्या सत्तर वर्षांच्या निमित्ताने लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सहकार्याने ते योजण्यात आले. दोनशेहून अधिक वस्तू नऊ कथांत गुंफल्या होत्या. मानवाचा आरंभ, पहिली नगरे, साम्राज्ये, राज्य आणि धर्म, दैवतांची रूपे, हिंदी महासागरातील व्यापारी, राजदरबार, स्वातंत्र्याचा शोध आणि काळाची कल्पना असा तो क्रम होता. भारतीय वस्तूच्या शेजारीच त्या काळातील अन्य देशांतील वस्तू ठेवल्यामुळे तुलना करणे प्रेक्षकाला सहज साधत होते. मुंबईनंतर हे प्रदर्शन दिल्लीलाही नेण्यात आले.

यांपैकी हिंदी महासागराची कथा ठाणेकरांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांचा उल्लेख येतो. म्हणजेच जगाशी जोडणारा धागा आपल्याच खाडीकिनाऱ्यावर सापडतो.

सोपाऱ्याची साक्ष

सोपारा पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. तेथील ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले. तो बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी पेटी, तीत तांब्याचा करंडक आणि त्यात एकात एक ठेवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे व सोन्याचे करंडक होते. सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे मानले गेलेले मातीचे तुकडे होते. तांब्याच्या करंडकाभोवती आठ कांस्यमूर्ती बसविलेल्या होत्या. यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे एक नाणेही या ठेव्यात मिळाले.

पंडितजींनी कोणती वस्तू कोठे होती याची काटेकोर नोंद ठेवली. त्यामुळे नाण्यावरून मूळ ठेव्याचा काळ अजमावता आला. मूर्ती त्याहून काही शतके नंतरच्या असल्याने स्तूप पुढे पुन्हा उघडला गेला असावा, हेही कळले. तेच नाणे कोणी वेगळे काढून सोनाराला विकले असते, तर चार पैशांची चांदी मिळाली असती आणि इतिहासाचा एक साक्षीदार कायमचा मुका झाला असता.

नोंद नसली की काय होते, याचे उदाहरणही राज्यातील एका विशेष प्रदर्शनात मिळते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून उसनवार आणलेली वाघनखे जुलै २०२४ पासून साताऱ्यास आणि २०२५ मध्ये नागपुरास प्रदर्शित झाली. ती जेम्स ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या वारसाकडून त्या संग्रहालयाकडे आली. अफझलखानाच्या भेटीत वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री करता येत नसल्याचे त्या संग्रहालयाने स्वतःच सांगितले आहे. लोकांचा जिव्हाळा त्यामुळे उणावला नाही. परंतु वस्तूचा प्रवास वेळीच लिहून ठेवला असता, तर हा प्रश्न उरला नसता.

पाया खोदताना

अठराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या किल्ल्यात बांधकामासाठी खोदताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७ मधील ताम्रपट मिळाला. १७८८ च्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात त्याचे भाषांतर छापले गेले. आज नौपाड्यात जुनी घरे जाऊन नव्या इमारती उभ्या राहत आहेत, तर खेड्यांत विहिरी, रस्ते आणि शाळांच्या खोल्या यांसाठी जमीन खोदली जात आहे. यंत्राच्या एका फटकाऱ्याने शिलालेखाचे दोन तुकडे होऊ शकतात.

म्हणून १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाची माहिती प्रत्येक पंचायत सदस्यास असणे इष्ट आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडल्यास तिची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे या कायद्याने बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी इत्यादी वस्तू पुरावशेष ठरतात आणि खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. काही मिळताच काम थांबवावे, वस्तू धुऊ किंवा घासू नये, जागेवरच छायाचित्र घ्यावे, खोली मोजावी आणि तहसील कार्यालयास कळवावे. मूर्तीला शेंदूर फासण्याची घाईही टाळावी.

शिक्षकांचे कार्य याच्या आधी सुरू होते. सहलीपूर्वी प्रत्येक विद्यार्थ्यास एक वस्तू आणि एक प्रश्न नेमून द्यावा: ही कशाची, कोठली आणि येथे कशी आली? ज्यांना मुंबई दूर आहे अशा शाळांपर्यंत या संग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून जात आहे. गावातील वीरगळ, जुनी बारव आणि देवळातील लेख यांची यादी विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास ती ग्रामपंचायतीच्या दप्तरीही उपयोगी पडेल.

विशेष प्रदर्शन काही महिन्यांनी उठते आणि पाहुण्या वस्तू आपापल्या घरी परततात. आपल्या पायाखालच्या वस्तूंना मात्र परतण्यासाठी दुसरे घर नाही. त्या ओळखणारे डोळे आणि त्यांची नोंद करणारा हात गावोगावी तयार झाला, तर उद्याच्या एखाद्या प्रदर्शनात वस्तूखालच्या पाटीवर आपल्याही गावाचे नाव बिनचूक लिहिता येईल.